प्रशस्ति आणि नोंद : सँडविचच्या दुकानांच्या निमित्तानें कोशलेखनाचा विचार

शिलालेख, ताम्रपट, बखरी व दप्तरें यांच्या वाचनांत ज्यांचें आयुष्य जात आहे, त्या आमच्या वाचकांस प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. पावाच्या दोन कापांमध्यें मांस, चीज अगर भाजी घालून तें सँडविच या नांवानें विकणाऱ्या दुकानांच्या साखळ्या इंग्लंड-अमेरिकेंत उदयास आल्या आणि आतां आपल्या शहरांतही येऊन पोहोंचल्या आहेत. या साखळ्यांविषयीं कोशांत व इतर संदर्भग्रंथांत ज्या नोंदी लिहिल्या जातात, त्यांत जाहिरातीची भाषा शिरूं न देण्याचा प्रश्न येथें विचारांत घ्यावयाचा आहे. विषय पावाचा असला तरी प्रश्न पुराव्याचा आहे, आणि पुराव्याचे नियम वस्तूच्या लहानमोठेपणावर अवलंबून नसतात. शिवाय आजची नोंद ही उद्यांचें साधन होय. शंभर वर्षांनीं या काळांतील नगरवासी काय खात, कोणाकडून विकत घेत आणि विकणारे त्यांस काय सांगत, हें शोधूं पाहणाराच्या हातीं याच नोंदी पडणार आहेत. त्या त्यास उपयोगीं पडाव्या, अशी इच्छा असेल तर त्या लिहितांनाच कांहीं पथ्य पाळलें पाहिजे.

जाहिरात व कोशांतील नोंद यांतील भेद प्रथम स्पष्ट करणें जरूर आहे. जाहिरातींत बोलणारा कोण, हें वाचकास ठाऊक असतें. दुकानावरील पाटी आपला माल उत्तम म्हणते, तेव्हां तिच्यावर कोणी खोटेपणाचा आरोप करीत नाहीं. माल खपविणें हें तिचें कामच आहे. परंतु तेंच वाक्य कोशांत उतरलें कीं बोलणारा बदलतो. दुकानदाराच्या तोंडचें विशेषण कोशकाराची साक्ष होऊन बसतें. पुढें दुसरा ग्रंथकार त्या कोशाचा आधार घेतो, वृत्तपत्र त्या ग्रंथाचा हवाला देतें, आणि अखेरीस तीच कंपनी त्या वृत्तपत्राचें वाक्य आपल्या जाहिरातींत छापते. येणेंप्रमाणें एका मुखांतून निघालेली गोष्ट चार साक्षीदारांची दिसूं लागते. हा प्रकार आमच्या संग्राहक वाचकांस परिचित आहे. एकाच मूळ बखरीच्या चार नकला चार गांवीं सांपडल्या म्हणजे चार पुरावे मिळाले, असें कोणी जाणता मानीत नाहीं. नकलांचा वंशवृक्ष लावून मूळ प्रत कोणती हें पाहण्याची जी रीति हस्तलिखितांस लागू आहे, तीच येथेंही लागू केली पाहिजे.

स्तुतीचे लेख कसे वाचावे, याचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. उदाहरणार्थ, ऐहोळ येथील मेगुटी देवालयावरील रविकीर्तीचा लेख घ्यावा. शके ५५६ म्हणजे इ. स. ६३४-३५ मधील ही चालुक्यराज दुसरा पुलकेशी याची प्रशस्ति होय. तींत तीन प्रकारचीं विधानें आढळतात. पुलकेशीनें उत्तरेच्या हर्षाचा गर्व उतरविला, असें कवि म्हणतो. हें विधान राजाश्रित कवीचें असलें तरी चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग यानेंही हर्षास महाराष्ट्र जिंकतां आला नाहीं असें लिहून ठेविलें आहे. त्याचा चालुक्यांशीं कोणताही आश्रितसंबंध नव्हता, इतकेंच नव्हे, तर तो स्वतः हर्षाच्या कृपेंतील होता. म्हणून तें विधान टिकतें. पुलकेशीकडे तीन महाराष्ट्रकांतील ९९,००० गांवांचें आधिपत्य होतें, हें दुसरें विधान. यास जोडीचा पुरावा नाहीं. म्हणून तो आंकडा इतिहासांत सांगावयाचा तर कवीच्या नांवावरच सांगावा लागतो. तिसरें विधान कवीचें स्वतःविषयींचें आहे. आपण कालिदास व भारवि यांच्या तोडीची कीर्ति मिळविली, असें तो म्हणतो. या आत्मस्तुतीनें रविकीर्तीची योग्यता सिद्ध होत नाहीं. परंतु ते दोन कवि शके ५५६ च्या पूर्वीं होऊन गेले व प्रसिद्धीस आले होते, हें मात्र निश्चित होतें. कवीस जें सांगावयाचें नव्हतें तेंच आपणांस सर्वांत मोलाचें ठरलें.

तात्पर्य, स्तुतिपर लेखनांतील मजकुराचे तीन भाग पडतात. स्वतंत्र पुराव्यानें टिकणारा भाग नोंदकारानें आपल्या शब्दांत सांगावा. एकट्या वक्त्यावर विसंबणारा भाग त्याच्या नांवावर ठेवावा. आणि वक्त्याच्या हेतूबाहेर जो भाग आपोआप उघड होतो, त्याचा उपयोग ज्या गोष्टीचा तो पुरावा आहे तीपुरताच करावा. आश्रितानें लिहिलें म्हणून सर्व टाकून द्यावें असें नव्हे. कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तेवढ्या कारणानें ती कोणी त्याज्य ठरविली नाहीं. परंतु ती कोणीं, कोणासाठीं व केव्हां लिहिली, हें ध्यानांत ठेवूनच तिचा उपयोग केला जातो. हीच तिहेरी कसोटी आतां सँडविचच्या दुकानांस लावून पाहूं.

पहिलें उदाहरण सनाचें आहे. इ. स. २००४ मध्यें अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत 'अर्ल ऑफ सँडविच' या नांवाचें दुकान निघालें व पुढें त्याची साखळी झाली. तिच्या संस्थापकांत उपाहारगृहांच्या धंद्यांत प्रसिद्ध असलेले रॉबर्ट अर्ल यांच्याबरोबर तेव्हांचे सँडविचचे अकरावे अर्ल जॉन माँटेग्यू व त्यांचे पुत्र ऑर्लँडो माँटेग्यू हे होते. या दुकानांतील एका मुख्य पदार्थास 'मूळचें १७६२' अशा अर्थाचें नांव दिलेलें आहे. चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८–१७९२) यांनीं सँडविच शोधून काढलें व तें १७६२ या सालीं, असा या नांवाचा ध्वनि आहे. केंट परगण्यांतील सँडविच या गांवींही इ. स. २०१२ मध्यें या पदार्थाचा २५० वा वाढदिवस साजरा झाला. अर्थात् १७६२ हा सन आतां दुकान, गांव व वृत्तपत्रें या तिघांच्याही मुखीं आहे. त्याचें मूळ कोठें आहे?

मूळ पाहतां दोन कागद हातीं लागतात. रोमच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन यानें तरुणपणीं ठेविलेल्या रोजनिशींत २४ नोव्हेंबर १७६२ च्या नोंदींत लंडनमधील 'कोको ट्री' या मंडळींच्या बैठकीच्या जागीं कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ लहान मेजांवर थंड मांस अगर सँडविच खात असल्याचा उल्लेख आहे. या अर्थानें हा शब्द आढळण्याचें ज्ञात असें सर्वांत जुनें ठिकाण हेंच, म्हणून ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशानें तें दिलें आहे. या नोंदींत अर्लचें नांव नाहीं, शोधाची कथा नाहीं, किंवा हा पदार्थ नवा आहे असेंही म्हटलेलें नाहीं. गिबननें शब्दाचा अर्थ सांगितलेला नाहीं. रोजनिशी स्वतःपुरती असल्यामुळें त्यावरून फार मोठें अनुमान काढतां येणार नाहीं, तथापि शब्द त्या दिवसापूर्वीं प्रचारांत होता एवढें निर्विवाद आहे. म्हणजे १७६२ ही अलीकडची मर्यादा होय, जन्मसाल नव्हे. रविकीर्तीच्या लेखावरून शके ५५६ हें कालिदासाचें जन्मवर्ष ठरविण्यासारखेंच हें झालें.

दुसरा कागद फ्रेंच आहे. त्र्वा गांवचा पिएर-झाँ ग्रोस्ले हा इ. स. १७६५ मध्यें लंडनांत राहून गेला व त्यानें १७७० मध्यें 'लाँद्र' हें प्रवासवर्णन प्रसिद्ध केलें. टॉमस न्यूजंटनें केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर १७७२ मध्यें निघालें. त्यांत असें आहे कीं, एका राज्यमंत्र्यानें जुगाराच्या मेजावर चोवीस तास घालविले, खेळ सोडून उठणें नको म्हणून भाजलेल्या पावाच्या कापांत गोमांस घालून तेवढ्यावरच भागविलें, आणि त्या मंत्र्याचें नांव या पदार्थास पडलें. चौथे अर्ल १७६३ ते १७६५ या काळांत राज्यमंत्री होते, तेव्हां रोख त्यांच्याकडे आहे यांत शंका नाहीं. परंतु ग्रोस्ले परदेशी, थोडे दिवस राहिलेला व ऐकींव सांगणारा. शिवाय त्याचें लंडनांतील वास्तव्य गिबनच्या नोंदीनंतर तीन वर्षांचें. या एका प्रवाशापलीकडे जुगाराच्या कथेस समकालीन आधार नाहीं. अर्लचे चरित्रकार एन. ए. एम. रॉजर यांनीं १९९३ मध्यें असें दाखविलें कीं, अर्ल मोठ्या पैजा लावणारा जुगारी म्हणून प्रसिद्ध नव्हते, उलट नौखात्याच्या व राजकारणाच्या कामांत ते अतिशय गढलेले असत. म्हणून असें खाणें झालें असेल तर तें लिहिण्याच्या मेजावर झाल्याचा संभव अधिक.

आतां नोंदकारानें काय लिहावें? अर्लच्या नांवावरून पदार्थाचें नांव आलें, हें मान्य मत म्हणून लिहावें. शब्दाचा पहिला ज्ञात उल्लेख १७६२ मधील, हें निश्चित म्हणून लिहावें. जुगाराची कथा ग्रोस्लेच्या नांवावर ठेवावी व रॉजर यांचें मत शेजारीं द्यावें. 'मूळचें १७६२' हें दुकानाच्या पदार्थाचें नांव म्हणून नमूद करावें. सन म्हणून त्याचा उपयोग करूं नये. शोध या शब्दाचा तर उपयोगच न करणें बरें. कारण पावांत मांस घालून खाणें व त्यास एक नांव पडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कागदांत पुरावा आहे तो दुसरीचा. येथें एक गोष्ट वाचकांच्या निदर्शनास आणणें अगत्याचें आहे. कंपनीनें सांगितलेली कथा वंशजांच्या तोंडची असली तरी तिचें वजन वाढत नाहीं. घराण्याच्या कैफियतींतील पूर्वजांच्या पराक्रमास आपण जी कसोटी लावतों, तीच येथें लावावयाची.

दुसरें उदाहरण श्रेष्ठतेच्या दाव्याचें आहे. 'सबवे' ही साखळी अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत ब्रिजपोर्ट येथें इ. स. १९६५ मध्यें सुरू झाली. फ्रेड डीलुका नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें पीटर बक या पदार्थविज्ञानवेत्त्याकडून १,००० डॉलर भांडवल घेऊन 'पीट्स सुपर सबमरीन्स' हें दुकान काढलें. पुढें त्याचें नांव सबवे झालें. दहा वर्षांत बत्तीस दुकानें काढण्याचा संकल्प होता, १९७४ पर्यंत सोळाच झालीं, म्हणून नांव व पद्धति इतरांस वापरावयास देण्याची रीति स्वीकारली, असें कंपनीच्याच इतिहासांत सांगितलेलें आहे. ही रीति म्हणजे फ्रँचायझी. दुकान ज्याचें त्याचें. त्यानें विक्रीच्या ८ टक्के रक्कम नांवाबद्दल व ४।। टक्के जाहिरातीबद्दल कंपनीकडे भरावयाची, असा अमेरिकेंतील परिपाठ आहे. आपल्या वाचकांस मक्त्याची पद्धति आठवल्यास त्यांस हा व्यवहार समजण्यास अडचण पडणार नाहीं. मात्र येथें मक्ता गांवच्या वसुलाचा नसून नांवाचा आहे.

या साखळीविषयीं 'जगांतील सर्वांत मोठी' असें विशेषण सर्वत्र आढळतें. यास आधार नाहीं असें नाहीं. इ. स. २०१० च्या अखेरीस तिचीं जगभर ३३,७४९ दुकानें होतीं व मॅक्डोनल्डचीं ३२,७३७ होतीं. परंतु हा मोठेपणा दुकानांच्या संख्येचा होता, विक्रीचा नव्हता. विक्रीच्या पैशांत मॅक्डोनल्ड कितीतरी पुढें होती. शिवाय तो त्या वर्षाचा होता. अमेरिकेंत सबवेचीं दुकानें २०१५ च्या सुमारास २७,००० च्या घरांत होतीं. त्यानंतर दर वर्षीं घटत जाऊन २०२३ च्या अखेरीस तीं २०,००० च्या आसपास उरलीं. २०२४ च्या एप्रिलांत ही कंपनी संस्थापकांच्या घराण्यांकडून रोर्क कॅपिटल या भांडवलदार संस्थेच्या हातीं गेली. ज्या कोशांत केवळ 'सर्वांत मोठी' एवढेंच लिहून ठेविलें असेल, त्याचा वाचक वाढ केव्हां थांबली व ओहोटी केव्हां लागली हें कधींच जाणूं शकणार नाहीं. 'कशानें मोठी' व 'कोणत्या सालीं' हीं दोन पदें जोडलीं कीं तेंच विशेषण माहिती होतें. तीं गाळलीं कीं बिरुदावली होते. बंद पडलेलीं दुकानें कंपनीचीं नसून त्या त्या दुकानदाराचीं होतीं, त्यांत घातलेली पुंजीही त्यांचीच होती. ही गोष्ट बिरुदाच्या मागें झांकली जाते, आणि ती झांकली जाऊं न देणें हें नोंदकाराचें कर्तव्य आहे.

तिसरें उदाहरण गुणवाचक शब्दांचें. 'ताजें', 'नैसर्गिक', 'अस्सल' हे शब्द दिसावयास साधे आहेत; म्हणूनच ते नोंदींत नकळत शिरतात. सबवेनें सन २००० च्या सुमारास 'ताजें खा' अशा अर्थाचें घोषवाक्य घेतलें. तें घोषवाक्य होतें हें लिहिणें योग्य; परंतु 'ही साखळी ताजीं सँडविचें विकते' असें लिहिणें म्हणजे तेंच घोषवाक्य अवतरणचिन्हें काढून देणें होय. ब्रिटनमधील 'प्रेट अ माँजे' या साखळीचें उदाहरण अधिक बोधक आहे. तिचीं दुकानें २०२३ पासून मुंबईंतही निघालीं आहेत. आपलें अन्न नैसर्गिक आहे अशा आशयाच्या तिच्या जाहिरातींविरुद्ध तक्रार झाली, आणि पावांत मिसळलेलीं कांहीं द्रव्यें लक्षांत घेतां हा शब्द दिशाभूल करणारा आहे असा निर्णय तेथील जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेनें एप्रिल २०१८ मध्यें दिला. ज्या नोंदकारानें त्यापूर्वीं हा शब्द आपल्या नोंदींत सरळ घेतला असेल, त्याची नोंद एका दिवसांत खोटी ठरली. ज्यानें 'कंपनी आपल्या अन्नास नैसर्गिक म्हणवीत असे' असें लिहिलें असेल, त्याचें वाक्य निर्णयापूर्वीं खरें होतें व निर्णयानंतरही खरेंच राहिलें. वक्त्याचें नांव लिहिण्याचा हा मोठा फायदा आहे.

मापांविषयींचें एक उदाहरण आमच्या वाचकांस विशेष रुचेल. सबवेच्या एका सँडविचास 'फुटलाँग' म्हणजे फूटभर लांबीचें असें नांव आहे. जानेवारी २०१३ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका तरुणानें हें सँडविच पट्टीशेजारीं ठेवून तें अकरा इंचच भरत असल्याचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. त्यावर कंपनीच्या तेथील शाखेनें उत्तर दिलें तें असें कीं, फुटलाँग हें नोंदलेलें व्यापारचिन्ह असून तें पदार्थाचें वर्णनपर नांव आहे, लांबीचें माप सांगण्याचा त्याचा उद्देश नाहीं. जुन्या कागदांतील बिघा, कोस, खंडी यांचीं मापें गांवोगांव व अमदानीगणिक बदलतात व तीं जुळवितांना किती श्रम पडतात, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस या उत्तराचें महत्त्व सांगावयास नको. येथें तर मापाच्या नांवानें आपण माप नसल्याचेंच जाहीर केलें. पुढील संशोधकास एखाद्या दरपत्रकांत 'फुटलाँग' हा शब्द आढळल्यास त्यानें पदार्थाची लांबी बारा इंच धरूं नये, यासाठीं तरी हें उत्तर नोंदींत राहिलें पाहिजे. पुढें अमेरिकेंत याच कारणावरून दावे झाले. २०१६ मध्यें मान्य झालेली तडजोड शिकागो येथील अपील न्यायालयानें २०१७ मध्यें रद्द केली. कारण तींत वकिलांस सुमारें ५ लक्ष डॉलर मिळावयाचे होते आणि गिऱ्हाइकांच्या पदरांत कांहींच पडत नव्हतें. कणकेचे गोळे सारख्या वजनाचे असल्यामुळें आंखूड पावांतही अन्न कमी नव्हतें, हेंही त्या खटल्यांत निष्पन्न झालें. निंदकांच्या सोयीचें नसलें तरी हें वाक्यही नोंदींत आलें पाहिजे.

यावरून आणखी एका दोषाकडे वळणें प्राप्त होतें. स्तुति टाळण्याच्या भरांत कित्येक नोंदकार निंदेच्या आहारीं जातात व त्यासच निःपक्षपात समजतात. २०२० च्या सप्टेंबरांत आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें सबवेच्या एका परवानाधारक दुकानदाराच्या करविषयक अपिलावर निकाल दिला. तेथील १९७२ च्या मूल्यवर्धित करासंबंधींच्या कायद्यांत पावास करमाफी होती. मात्र पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक साखर असल्यास ती माफी मिळत नसे. सबवेच्या पावांत हें प्रमाण १० टक्के होतें, म्हणून माफी नाकारली गेली. जगांतील वृत्तपत्रांनीं याचा मथळा 'सबवेचा पाव हा पावच नव्हे' असा केला. न्यायालयानें ठरविलें तें इतकेंच कीं, त्या कायद्यांतील करमाफीपुरता तो पाव नव्हे. मथळा चटकदार, निकाल रुक्ष. आणि कोशांत जावयाचा तो निकाल. जाहिरातींतील अतिशयोक्ति व मथळ्यांतील अतिशयोक्ति यांची जात एकच. एक विकणाराच्या लाभाची, दुसरी छापणाराच्या.

येथें अशी शंका घेण्यांत येईल कीं, विशेषणें काढलीं, दावे वक्त्याच्या नांवावर ठेविले, मथळे टाळले, तर नोंदींत उरणार काय? एक वाक्य कल्पून पाहूं : 'एका ध्येयवेड्या तरुणानें अल्प भांडवलावर उभारलेली ही लोकप्रिय साखळी आज दर्जेदार व ताज्या सँडविचांसाठीं जगभर ओळखली जाते.' हें वाक्य सबवेस जसें लागू आहे तसेंच दुसऱ्या कोणत्याही साखळीस लागू पडेल. नांव बदललें तरी एक अक्षर बदलावें लागणार नाहीं. अनेक ताम्रपटांतील राजांचीं विशेषणें अशींच एका दानपत्रांतून दुसऱ्यांत जातात व त्यांवरून राजा ओळखूं येत नाहीं. ओळखूं येतो तो गांव, तिथि, दान घेणाऱ्याचें नांव व शिवेच्या खुणा यांवरून. आतां दुसरें वाक्य पाहा : 'सबवे ही सँडविच विकणाऱ्या दुकानांची साखळी. स्थापना १९६५, ब्रिजपोर्ट. संस्थापक फ्रेड डीलुका व पीटर बक. १९७४ पासून दुकानें फ्रँचायझी पद्धतीनें. २०१० अखेर ३३,७४९ दुकानें. भारतांत २००१ पासून. २०२४ पासून मालकी रोर्क कॅपिटलकडे.' यांतील एकही शब्द दुसऱ्या साखळीस लागू होत नाहीं. आम्हीं सुचवितों ती कसोटी हीच : नांव काढून दुसरें घातलें तरी जें वाक्य तसेंच उभें राहतें, तें प्रशस्ति होय, नांव बदलतांच जें कोसळतें, ती नोंद होय.

कोश हा स्वतः विकला जाणारा माल आहे, हें विसरून चालणार नाहीं. इ. स. १८९८ मध्यें लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें ब्रिटानिका कोशाची नववी आवृत्ति पुन्हां छापून अमेरिकन पुस्तकविक्रेता होरेस हूपर याच्या योजनेनें जोराच्या जाहिराती देऊन विकली. त्या आवृत्तीचें शेवटचें पुस्तक निघून तेव्हां नऊ वर्षें लोटलीं होतीं. आपल्याकडे डॉ. केतकरांस महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठीं कंपनी स्थापून भाग विकावे लागले व गांवोगांव वर्गणीदार मिळवावे लागले. ग्रंथ लोकांपर्यंत नेण्यासाठीं त्याची वाखाणणी करणें यांत गैर कांहीं नाहीं. गैर आहे तें वाखाणणीची भाषा वेष्टणावरून आंतल्या पानांत उतरणें. इ. स. २००१ मध्यें सुरू झालेल्या विकिपीडिया या सर्वांस लिहितां येणाऱ्या ज्ञानकोशापुढें तर हा प्रश्न रोजचा आहे. कंपन्यांच्या वतीनें मोबदला घेऊन लिहिणाऱ्यांनीं ती गोष्ट उघड केली पाहिजे, असा नियम त्याच्या चालकांस २०१४ मध्यें करावा लागला. नियमाचें तत्त्व जुनेंच आहे. भाटानें गावें, पण तो कोणाचा भाट हें श्रोत्यांस कळावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. प्रशस्ति नोंदींत नको, याचा अर्थ ती जगांतच नको असा नाहीं. जाहिरातींचे कागद, दरपत्रकें, पदार्थ गुंडाळण्याचे छापील कागद, दुकान उघडल्याच्या पत्रिका या वस्तु आज कचऱ्यांत जातात. परंतु एखाद्या काळीं लोकांस कोणत्या शब्दाची भुरळ पडत असे, 'ताजें' केव्हां विकलें जाई व 'नैसर्गिक' केव्हां, किंमती कोणत्या सालीं काय होत्या, हें याच कागदांवरून समजेल. रविकीर्तीचा लेख कोणी पुसून टाकला असता तर कालिदासाच्या काळाची मर्यादा आपणांस कशी सांपडती? म्हणून हे कागद जपावे, त्यांवर मिळाल्याची तारीख व ठिकाण लिहून ठेवावें, आणि दप्तरांत त्यांस त्यांच्या जागीं ठेवावें. कागद दप्तरांत व नोंद कोशांत, अशी वांटणी नीट राहिली म्हणजे पुढील वाचकास दोहोंचाही उपयोग होईल. तीं एकत्र कालविलीं गेलीं तर त्यास दोन्हींचा उपयोग होणार नाहीं.

असो. ज्या व्यवहारांत आज कोट्यवधि लोकांचें रोजचें खाणें, हजारों दुकानदारांची पुंजी व शेंकडों गांवांचे बाजार गुंतले आहेत, त्याचा इतिहास पुढें लिहिला जाणार यांत संशय नाहीं. तो लिहिणारास आपण बिरुदावली ठेवावयाची कीं तारखा, आंकडे व वक्त्यांचीं नांवें ठेवावयाचीं, एवढाच प्रश्न आहे. जुन्या प्रशस्तींतून सत्य निवडण्यांत ज्यांनीं आपली दृष्टि झिजविली, त्यांनीं आपल्या हातून नव्या प्रशस्ति होऊं न देण्याची काळजी घ्यावी, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करतों.